अर्ध्या तासानंतरचा आकडा

"अविवाहित, पस्तीस ते चव्वेचाळीस… कोणी आहे का इथे?"

कंटेनर यार्डाच्या जेवणघरात तेव्हा चाळीसेक माणसं होती, आणि तिच्या या प्रश्नावर झाडून सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं. तो बिचारा नुकताच दारातून आत आला होता आणि खिडकीत विसरलेला आपला डबा उचलत होता. त्याला वाटलं, डब्यावरूनच काहीतरी भांडण झालंय.

झालं होतं असं, की रक्तदाबाच्या पाहणीच्या यादीतला माणूस दंडाला बांधायचा पट्टा बघूनच पसार झाला होता. पाहणीचा नियम असा, की कोणी पळालाच तर त्याच्याच वयाचा आणि लग्नाच्या बाबतीत त्याच अवस्थेतला बदली माणूस घ्यायचा. गेले चार महिने ती हेच काम करत होती. माणसांचा रक्तदाब मोजायचा आणि समोर लिहायचं: वय किती, लग्न झालंय की नाही, झालेलं मोडलंय का, जोडीदार हयात आहे का. वयाच्या कुठल्या टप्प्यावर लग्न माणसाच्या रक्तदाबाचं काय करतं, ते तिच्या डॉक्टरबाईंना शोधून काढायचं होतं. डॉक्टरबाईंचं उत्तर यायला अजून वर्ष होतं, पण बाकी सगळ्यांकडे ते आधीपासूनच तयार होतं. चोविशीतला नवा नवरा म्हणाला होता, वाढतं ते बायकोचा फोन आला नाही की. पंचावन्नचा फोरमन म्हणाला, वाढतं ते आला की. सत्तरीच्या एका जोडप्याला वेगवेगळ्या खोल्यांत बसवावं लागलं, कारण आजोबांच्या दंडाला पट्टा असताना आजी त्यांच्या उत्तरांतल्या चुका काढत होत्या. आणि एका विधवा बाईंनी हळूच सांगितलं होतं की हे गेल्यापासून माझं कमी झालंय गं, पण हे कुठे बोलू नकोस, लोक काय म्हणतील.

बाहेर सगळीकडे तिला सिस्टर म्हणत. या यार्डात मात्र पहिल्याच दिवशी तिची 'मोजणीबाई' झाली. डबा उचलणारा तो माणूसही तेच म्हणाला, "बसतो मोजणीबाई, पण लवकर सोडा. वर क्रेन उभी आहे."

क्रेन ऑपरेटर होता तो. दहा मजल्यांइतक्या उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून घराएवढे कंटेनर उचलायचे आणि खाली उभ्या ट्रेलरवर ठेवायचे, हे त्याचं काम. त्याने कंटेनर ठेवला तर ट्रेलरवाल्याच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही, असं जेवणघरात अभिमानाने सांगितलं गेलं. त्याला सगळे 'वरचे साहेब' म्हणत. साहेब नव्हता, नुसता वर होता.

तिने त्याला खुर्चीत नीट टेकून बसवलं. दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं कोणाशी बोलायचं नाही. मग तीन मापं, मध्ये थोडी थोडी विश्रांती. पट्टा बांधताना कोपराच्या आतल्या बाजूची नाडी बोटांनी शोधावी लागते. तिने आजवर हजारभर हातांवर ती शोधली होती. याची एका क्षणात सापडली, कारण ती चांगली उड्या मारत होती.

पहिलं माप आलं एकशे अठ्ठेचाळीस. ठीक आहे, पहिलं सगळ्यांचंच जरा जास्त येतं. दुसरं आलं एकशे छप्पन. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता, आणि तिने पाहताच त्याने झटकन डब्याकडे पाहिलं. तिसरं आलं एकशे चौसष्ट.

जगाचं माप बसल्या बसल्या उतरतं, याचं चढत होतं. आणि एकशे साठच्या वर गेलं की नियमाप्रमाणे त्याच दिवशी यार्डाच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्यावी लागे.

चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्याला उलट्या बाजूनेही वाचता आलं.

"ही आजच द्यायलाच हवी का?"

"हो… आजच."

"बरं," तो म्हणाला. हुज्जत घातली नाही, गयावया केली नाही. डबा काखेत मारून निघून गेला. तिने चिठ्ठी दिली, आणि दुपारी यार्डातून बाहेर पडताना तिला तो फाटकाशी दिसला. पिवळा रेनकोट घालून रिपरिपत्या पावसात येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहून घेत होता. पहारेकऱ्याने तिला सगळं सांगितलं. एवढं प्रेशर असलेल्या माणसाला वर बसवत नाहीत. पंधरा दिवस फाटकावर काढायचे. पंधराव्या दिवशी यार्डाचे डॉक्टर सगळी मापं पाहून निर्णय देणार, आणि तोवर आकडा उतरला नाही तर केबिन कायमची दुसऱ्याकडे. सोळा वर्षं वर होता हो, पहारेकरी म्हणाला, त्याला खाली काही सुचत नाही.

डबा न्यायला आलेला माणूस तिच्यामुळे केबिन घालवून बसला होता. तिचं काही चुकलं नव्हतं, आणि तरी त्या रात्री तिने वही काढून ती तिन्ही मापं पुन्हा वाचली.

अशा माणसाची घरी जाऊन आणखी दोन मापं घ्यायची असत. चौथ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली तेव्हा दार त्याच्या ताईने उघडलं. ताई खालच्या मजल्यावर नवऱ्यासोबत राहायची, पण भावाच्या घराची किल्ली, भावाच्या आयुष्याची किल्ली आणि भावाबद्दलची सगळी मतं तिच्याकडेच असायची. तिने मोजणीबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लगेच कैफियत मांडली. याला काही झालेलं नाही. घरच्या मशीनवर रोज एकशे वीस येतंय, वहीत लिहून ठेवलंय बघा. तुमचं मशीन बिघडलं असेल.

मशीन बिघडलेलं नव्हतं. खात्री करायला तिने ते ताईच्याच दंडाला लावलं, तर एकशे सव्वीस आलं. मग त्याच्या दंडाला लावलं, तर एकशे अठ्ठावन्न.

ताईने आधी भावाच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं, मग मोजणीबाईच्या खाली वळलेल्या मानेकडे, आणि चहा टाकते म्हणून आत निघून गेली.

चहाची वाट बघताना तो खिडकीतून दूरच्या क्रेनकडे पाहत होता. इथून ती काडीएवढी दिसत होती. त्याने सांगितलं की वर गेलं की सगळं सोपं असतं. माणसं लहान, वारा मोठा, आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची ते आधीच लिहिलेलं. खाली आलो की कुणाशी काय बोलायचं तेच सुचत नाही. तीन ठिकाणी मुली बघायला गेलो, तिन्ही ठिकाणी नुसतं पाणी पिऊन आलो.

"आता तर बोलताय की," ती म्हणाली.

"हो ना…" तो स्वतःच चकित झाल्यासारखा दिसला. "मोजून झाल्यावर बरं वाटतं. तुम्ही पट्टा काढलात की."

"आणि बांधताना?"

नवव्या दिवशी ती पुन्हा गेली, आणि आकड्याने उत्तर दिलं: एकशे साठ.

तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. चार महिन्यांत तिने इतके हात हाताळले होते की कुठला हात घाबरलाय आणि कुठला हात खूश झालाय, हे तिला आकड्याआधी समजायचं. अडचण ही होती की तिला स्वतःचंही समजत होतं. त्याच्या घराच्या जिन्यापाशी आली की छातीत धडधड व्हायची, आणि ती ओळखीची होती. तिचंही एकदा लग्न झालं होतं. नवरा वाईट नव्हता, मारकुटा नव्हता, नुसता दुरुस्त्या करायचा. तिच्या भाजीत, तिच्या हसण्यात, तिच्या रस्ता ओलांडण्यात. चार वर्षांत ती बोलायची थांबली आणि एकतिसाव्या वर्षी तिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. घटस्फोटानंतर दहा महिन्यांत ती गोळी सुटली. डॉक्टरबाई म्हणत, एका बाईच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही. पण ती एक बाई तीच होती ना. छातीत धडधडलं की तिला गोळीचं पाकीट आठवायचं.

तेराव्या दिवशी तिने डॉक्टरबाईंकडून चोवीस तासांचं यंत्र मागून घेतलं. कमरेला डबी, दंडाला पट्टा, आणि दर अर्ध्या तासाने आपोआप माप. सोबत एक छोटी डायरी, त्यात प्रत्येक मापाला आपण काय करत होतो ते माणसाने स्वतः लिहायचं. हाच एक मार्ग उरला होता. दिवसभराचे आकडे चांगले आले तर यार्डाच्या डॉक्टरांपुढे ठेवता येणार होते. सकाळी दहाला फाटकाजवळच्या चौकीत तिने ते बांधलं आणि बजावलं, "जे करत असाल तेच लिहायचं. खरं खरं. चांगलं दिसावं म्हणून काही लपवायचं नाही."

"खरं लिहू?" त्याने विचारलं. "सगळं?"

"सगळं," ती म्हणाली. आपण काय बोलून बसलो ते तिला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

यंत्र काढेपर्यंत तिने त्याच्या आसपास फिरकायचं काही कारण नव्हतं. पण संध्याकाळी सहाच्या सुमारास ती फाटकाशी हजर झाली. जास्तीची बॅटरी द्यायला आले, म्हणाली. जास्तीची बॅटरी सकाळीच देऊन झाली होती. तीच डबीच्या कप्प्यातून काढून त्याने दाखवली, आणि मग ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ उरला नाही.

त्याची पाळी संपली होती. दोघं फाटकाबाहेरच्या ठेंगण्या भिंतीवर बसली. पाऊस नुकताच थांबला होता आणि कौलांच्या कडेवरून अजून थेंब गळत होते. ती बसते न बसते तोच पट्टा गुरगुरत फुगू लागला. मापाच्या वेळी बोलायचं नाही, हा तिचाच नियम. त्याने हात सैल सोडून तिच्या वहीवर टेकवला, आणि दोघं श्वास धरून समोरचा रिकामा रस्ता पाहत राहिली. ते एक मिनिट तिला फार लांब वाटलं.

पट्टा सैल झाला तसं त्याने खिशातून पेन काढलं, तिच्याकडे पाठ वळवून डायरीत काहीतरी लिहिलं आणि डायरी मिटली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुमच्या त्या फॉर्ममध्ये… तुम्ही स्वतः कुठल्या चौकटीत बसता?"

"घटस्फोटित. पस्तीस ते चव्वेचाळीस." हे तिने आजवर कोणाला इतकं सरळ सांगितलं नव्हतं. मग तिने गोळीचंही सांगितलं, दुरुस्त्यांचंही सांगितलं. तो मध्ये एकदाही बोलला नाही. नवऱ्याचं काय चुकलं आणि तिने काय करायला हवं होतं, हे दोन्ही त्याने सांगितलं नाही. ती बोलत गेली, भिंतीवरचं पाणी तिच्या ओढणीत उतरत गेलं, आणि मध्येच कधीतरी पट्टा पुन्हा गुरगुरला तेव्हा ती वाक्य अर्धवट सोडून थांबली. पट्टा सैल झाल्यावर तिने तेच वाक्य पुढे सुरू केलं.

"म्हणून मला भीती वाटते," ती शेवटी म्हणाली. "मला परत ती गोळी नको आहे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. एवढंच. आणि तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला, एक हात अंतर राखून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आकड्यांचा कागद आणि डायरी शेजारी शेजारी ठेवली. साठीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, कमी बोलणाऱ्या. तिला समोर उभी करून त्या वाचू लागल्या. साडेदहा, एकशे बावीस, ट्रकांचे नंबर घेतोय. अकरा, एकशे अठरा, तेच. दोन, एकशे एकवीस, जेवलो. आठ, एकशे वीस, ताई बोलतेय, मी ऐकतोय. रात्रीचे सगळे छान उतरलेले, समोर 'झोपलो' असं सकाळी एकदम लिहिलेलं. चोवीस तासांत दोनच आकडे वर होते.

"सकाळी दहा, एकशे सहासष्ट," डॉक्टरबाईंनी वाचलं. "मोजणीबाई यंत्र बांधताहेत."

ती पायांच्या बोटांकडे पाहत राहिली.

"संध्याकाळी सहा, एकशे बासष्ट. मोजणीबाई आल्या." डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला. "या कशाला आल्या?"

"बॅटरी…" ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी कागद खाली ठेवून रीतसर सगळं समजावलं. हा माणूस धडधाकट आहे. पण तिने घेतलेली तिन्ही दिवसांची मापं फाइलमध्ये आहेत, आणि ती तशीच राहिली तर यार्डाचे डॉक्टर तीच धरतील. ती खोडायची असतील तर घेणारीनेच खोडायला हवीत, पेनाने, एका रेघेत, शेजारी कारण आणि सही. प्रत यार्डाच्या ऑफिसात जाणार, म्हणजे उद्या जेवणघरात सगळे वाचणार. शिवाय पाहणीतल्या माणसाशी गुंतायचं नाही हा कामावर घेतानाचा पहिला नियम होता. लिहिलंस तर या यार्डात तुला पुन्हा पाठवता येणार नाही. तुझ्या नावापुढे शेरा राहील.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं.

"खरं लिही. त्यालाही तेच सांगितलं होतंस ना?"

तिने पेन उचललं. खोटं कारण सुचण्यासारखं होतं, पट्टा लहान होता, मशीन गरम झालं होतं. पण मग हजारभर माणसांची मापं खोटी ठरली असती. तिने एकेक आकडा एका रेघेत खोडला आणि शेजारी सावकाश लिहिलं: 'मापं चुकीची नाहीत, पण ती मोजणाऱ्या व्यक्तीमुळे वाढलेली आहेत. मोजणारीच्या मनातही तेच होतं, म्हणून हे वेळेवर सांगितलं नाही.' सही केली.

डॉक्टरबाईंनी ते वाचलं. मग त्यांनी आकड्यांचा कागद आणि डायरी तिच्याकडे फिरवली.

"मी खालची ओळ वाचलीच नाही मघाशी. तू वाच."

साडेसहा. एकशे चोवीस. मोजणीबाई अजून बसल्या आहेत.

"वाढतं ते सगळंच दुखणं नसतं गं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वाढलेलं खाली येतं का, ते बघायचं. तुझं त्या घरात चार वर्षं खाली आलंच नाही. सोमवारपासून पेन्शनर कॉलनी घे. तिथे कोणी प्रेमात पडायच्या वयाचं नाही, असं मी म्हणणार होते, पण आता माझा कशावर विश्वास राहिला नाही."

पंधराव्या दिवशी केबिन त्याला परत मिळाली. हे तिला ताईच्या फोनवरून कळलं. ताईने एवढंच सांगितलं की रविवारी संध्याकाळी ये, आणि 'ये'नंतर फोन ठेवून दिला, म्हणजे नाही म्हणायची सोय राहिली नाही.

ती गेली. तो खिडकीपाशी उभा होता आणि त्याच्या हातात तिच्या शेऱ्याची प्रत होती, घड्या पडून पडून मऊ झालेली. अख्ख्या यार्डाने ती वाचली असणार. तिला वाटलं होतं तो आधी आभार मानेल, किंवा माफी मागेल. तो म्हणाला, "तुमच्या मनातही तेच होतं… हे मला तुम्ही तोंडाने सांगितलं नाहीत."

"तुम्ही तरी कुठे तोंडाने सांगितलंत? डायरीत लिहिलंत."

"मग आता सांगतो." त्याचे कान लाल झाले, पण या वेळी त्याने डोळे वळवले नाहीत. "मला तुम्ही आवडता. वर गेल्यावरसुद्धा आवडता. तिथे मला काही होत नाही, पण परवा पहिला कंटेनर उचलताना खाली रस्त्याकडे बघितलं, तुम्ही दिसताय का म्हणून."

तिने टेबलावरचं ताईचं मशीन ओढलं, स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला आणि बटण दाबलं. एकशे बावन्न. तिने आकडा त्याच्याकडे फिरवला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा… हे असं होतं. आणि हे असंच राहिलं तर? परत गोळी लागली तर?"

त्याने आकडा पाहिला. कंटेनर ठेवताना पाहावं तसं, घाई न करता. मग एक खुर्ची तिच्यासाठी खिडकीपाशी सरकवली आणि दुसरी आपल्यासाठी, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"अर्धा तास बसा," तो म्हणाला. "काही बोलायला पाहिजे असं नाही. मग बघू. नाही उतरला तर मी स्वतः बसस्टॉपवर सोडून येईन आणि पुन्हा नाव काढणार नाही."

ती बसली. बाहेर दूरवर काडीएवढी क्रेन उभी होती, आज रविवार म्हणून रिकामी. तो बोलला नाही, तीही नाही. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. ताई कोणाला तरी रागावली. उजेड हळूहळू टेबलावरून जमिनीवर उतरला. मध्ये कधीतरी तिने आपला हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि त्याने आपला त्यावर ठेवला, आणि तिने तो तसाच राहू दिला. तिला कळलं की आपण आकडे मोजत नाही आहोत. पट्टा अजून दंडालाच होता आणि ती ते विसरून गेली होती.

"अरे, झाला की नाही अर्धा तास?" जिन्यातून ताईचा आवाज आला. ताई दाराला कान लावून होती, हे तेव्हाच दोघांना कळलं. "मघाशीच झाला असेल. मोजलं का? किती आला?"

त्याने मशीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. विचारत होता, घाबरतही होता. तिने दुसऱ्या हाताने पट्टा सोडवला आणि टेबलावर ठेवून दिला.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "मोजणीबाई अजून बसल्या आहेत."